रसभरी: झाडावरून तोडायची की खाली पडू द्यायची? (लागवड, तोडणी, साठवण)

अंगणवेल

टोमॅटो-मिरचीच्या धाग्यांवर मध्येच कोणीतरी रसभरीबद्दल (कंदिलासारख्या कागदी कवचात येतं ते फळ) विचारतं आणि उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट येतात. एक म्हणतो, फळ गळेपर्यंत हात लावू नका. दुसरा म्हणतो, गळायची वाट बघत बसलात तर हंगाम निघून जाईल. दोघंही आपापल्या झाडाबद्दल खरंच सांगत असतात, फक्त झाडं वेगळी असतात. त्यात नवीन माणूस गोंधळतो आणि कच्ची फळं तोडून मोकळा होतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा स्वतंत्र धागा.

घरच्या बागेत येणारे मुख्य प्रकार दोन. पहिला बुटका, जमिनीलगत पसरणारा. याचं शास्त्रीय नाव फिजॅलिस ग्रिसिया. बियांच्या पाकिटावर बहुतेक वेळा फिजॅलिस प्रुइनोसा हेच लिहिलेलं दिसतं. 'आंट मॉलीज', 'गोल्डी', 'कोसॅक पाइनॲपल' ही याच बुटक्या रसभरीच्या पाकिटांवर दिसणारी नावं. उंची फार तर गुडघ्यापर्यंत, पण आडवा ऐसपैस पसरतो. फळ लहान, सोनेरी पिवळं. रोप जमिनीत लावल्यापासून ६५ ते ७५ दिवसांत पहिली फळं मिळतात.

दुसरा उंच, फिजॅलिस पेरुव्हियाना. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांतला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केपमध्ये याची लागवड होत होती, त्यावरून केप गूजबेरी हे नाव पडलं. कंबर-छातीपर्यंत वाढतो, पानं हृदयाच्या आकाराची आणि मखमली. फळ मोठं, नारिंगी, चवीला आंबटगोड. याला वेळ मात्र भरपूर लागतो. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंतच ६० ते ८० दिवस जातात. जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही तिथे हे झाड काही वर्षं टिकतं, इतरत्र एका हंगामाचं.

तर आधी आपल्याकडे यातलं कुठलं आहे ते बघा. पुढचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं.

बी आणि रोपं. बी अगदी बारीक असतं. अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल पुरू नका, वरून चिमूटभर चाळलेली माती पुरे. उगवण्यासाठी ऊब लागते, २४ ते २९ अंश सेल्सियस असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. थंड मातीत तीन आठवडेही लागतात, तेवढ्यात ट्रे ओतून टाकू नका. सुरुवातीची वाढ इतकी हळू असते की शेजारच्या टोमॅटोच्या रोपांकडे बघून जीव खालीवर होतो. चार-पाच खरी पानं आली की वेग पकडते. कडाक्याची थंडी पडणाऱ्या ठिकाणी शेवटचं दंव पडण्याच्या सहा-आठ आठवडे आधी घरात बी टाका.

रोपं बाहेर नेताना एकदम उन्हात ठेवू नका. आठवडाभर थोडं थोडं ऊन वाढवत न्या. लावताना खालची पानं काढून दांडा मातीत जरा खोल गाडला तर त्यालाही मुळं फुटतात आणि झाड भक्कम उभं राहतं.

माती, अंतर, पाणी. निचरा होणारी माती, दिवसाचं सहा-आठ तास ऊन. बुटक्या जातीला दोन ते तीन फूट अंतर, उंच जातीला किमान तीन. खत बेताचं. नत्र जास्त झालं की पानांचा डोंगर होतो आणि फुलं येतच नाहीत. लावताना कुजलेलं कंपोस्ट दिलं की मध्ये फारसं काही लागत नाही. पाणी वाफसा (माती ओलसर आहे पण चिखल नाही अशी स्थिती) बघून, पण नियमित. आधी कोरडं ठेवून नंतर एकदम भरपूर पाणी दिलं की फळं कवचाच्या आत तडकतात.

मागच्या दोन-तीन वर्षांत ज्या जागी वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटे होते ती जागा टाळा. सगळी एकाच कुळातली, रोगही सामायिक.

तोडणीबद्दल खालच्या प्रतिसादात लिहिते, ते जरा मोठं आहे.

अंगणवेल

तोडणी. बुटकी रसभरी तोडायची नसतेच, वेचायची असते. फळ तयार झालं की देठाच्या बुंध्याशी झाड स्वतःच सांधा सोडतं आणि फळ कवचासकट खाली येतं. पडलेलं फळ उचलून देठाचं टोक बघा. तिथे सालटं ओढल्याची खूण नसते, कापल्यासारखं स्वच्छ टोक असतं. हाताने ओढून काढलेल्या फळाला फांदीच्या सालीचा धागा चिकटून येतो. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की कोणाला विचारावं लागत नाही.

झाडाखाली आधीच वाळलेलं गवत किंवा जुनं कापड अंथरा. फळं मातीला लागत नाहीत आणि चटकन दिसतात. दर एक-दोन दिवसांनी फेरी मारायची, खालच्या फांद्या हलकेच उचलून आतलं वेचायचं. वेचून झालं की झाडाला एक हळुवार हिसका. जी सुटायच्या बेतात असतील ती पडतील. जोरात गदागदा हलवू नका, कच्चीही पडतात.

आता महत्त्वाचं. पडलेलं फळ म्हणजे पिकलेलं फळ असं नाही. वारा, पाऊस किंवा एखादी उडी मारणारी मांजर यामुळेही फळं पडतात. निर्णय कवचाच्या रंगावर करू नका, आतल्या फळाच्या रंगावर करा. कवच कागदासारखं वाळलेलं असूनही आत फळ हिरवट असू शकतं. देठाजवळची बाजू सगळ्यात शेवटी पिकते, तेव्हा कवच हलकेच बाजूला करून तिथेच बघायचं. हिरवी झाक असेल तर कवच पुन्हा मिटवून खोलीत पसरून ठेवा. आठवड्याभरात सोनेरी होतं, आणि खरी गोडी तेव्हाच उतरते. पडल्या पडल्या खाल्लेलं आणि चार-सहा दिवस ठेवून खाल्लेलं फळ शेजारी शेजारी ठेवून चाखून बघा, अननसासारखा जो वास येतो तो दुसऱ्यालाच.

उंच रसभरीचं वेगळं. तिची काही फळं पडतात, बरीच झाडावरच राहतात. कवच पूर्ण वाळून गवती रंगाचं झालं आणि आतलं फळ नारिंगी दिसलं की देठासकट कात्रीने कापा. तिला गळायची सक्ती करत बसलात तर पक्षी आणि उंदीर आधी पोचतात.

कुंडीवाला

ताई, फार नेमकं लिहिलंत. माझी बाल्कनी आहे, जमीन नाही. कुंडीत जमेल का? आणि गेल्या हंगामात फुलं भरपूर आली, फळं मोजकीच धरली, ते का झालं असेल?

अंगणवेल

कुंडीवाला दादा, बुटकी जात कुंडीत छान येते. कुंडी किमान फूटभर खोल, पंधरा-वीस लिटरची हवी. उंच जातीला त्याच्या दुप्पट माती लागते आणि काठीचा आधारही.

फुलांचं म्हणाल तर रसभरी स्वपरागित आहे, एकच झाड असलं तरी फळ धरतं. पण उंच मजल्यावर मधमाश्या पोचत नसतील आणि वाराही अडत असेल तर पराग जागचा हलत नाही. सकाळी ऊन चढल्यावर फुलं असलेल्या फांद्यांना बोटाने टिचकी मारत जा. दुसरी शक्यता उष्णतेची. पारा ३५ अंशांच्या वर राहिला की टोमॅटोसारखीच हिचीही फुलं गळतात. मग दुपारी सावलीचं कापड लावा आणि तापमान उतरेपर्यंत झाड नुसतं जगवा. उतरलं की पुन्हा फुलं येतात.

आणि बाल्कनी असेल तर वेचण्यासाठी कुंडीच्या काठाखाली जाळी बांधा, नाहीतर फळं खालच्या मजल्यावर.

शिवारसखी

धागा वाचनखुणांत टाकला. खताबद्दल ताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे एका वाफ्यात ताजं शेणखत पडलं होतं, तिथली झाडं कमरेएवढी झाली आणि हिरवीगार, पण फळ नावालाच. शेजारच्या साध्या मातीतली खुरटी झाडं कंदिलांनी लगडली होती.

किडींबद्दल थोडी भर घालते. रोपं लहान असताना पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं दिसली तर ते उड्या मारणारे काळे भुंगेरे. टिचकीएवढ्या अंतरावर बोट नेलं की उडतात. रोपांवर पातळ जाळीचं कापड टाकलं की प्रश्न मिटतो, फुलं यायला लागली की कापड काढायचं. मावा आणि पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूला असतात, तिथे पाण्याचा जोरदार फवारा रोज मारला तरी बराच आटोक्यात येतो. नाही आला तर निंबोळी अर्क, संध्याकाळी, ऊन गेल्यावर.

पानांवर पिवळे-हिरवे चट्टे येऊन पानं आक्रसायला लागली तर तो विषाणू, त्याला औषध नाही. झाड मुळासकट काढा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. तंबाखू हाताळणाऱ्यांनी झाडांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, तंबाखूवरचा मोझॅक विषाणू या सगळ्या कुळाला लागतो.

निरभ्र

माझ्या झाडावर कंदील भरपूर आहेत, पण दाबले की पोकळ लागतात. दोन-तीन उघडले तर एकात वाटाण्याहून लहान हिरवी गोळी होती आणि एकात काहीच नाही, नुसता काळा चुरा. झाड उपटून टाकू का?

शिवारसखी

निरभ्र, अजिबात उपटू नका! तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात.

वाटाण्याएवढी गोळी असलेला कंदील तब्येतीने ठणठणीत आहे. आधी कवच फुगतं, फळ मागाहून भरतं. फूल गळून गेल्यावर निदलपुंज (फुलाच्या बुडाचा हिरवा भाग, त्याचंच कवच होतं) भराभर वाढून पूर्ण आकाराचा होतो तेव्हा आत फळाची नुकती सुरुवात असते. ते हिरवं कवच पानासारखंच काम करतं, सुरुवातीच्या दिवसांत फळाला अन्न पुरवतं. म्हणून उत्सुकतेपोटी कंदील फाडून बघू नका. उजेडासमोर धरून बघा, आतल्या फळाची सावली दिसते.

काळा चुरा म्हणजे अळीची विष्ठा. फळ पोखरणारी अळी कवचाला छिद्र पाडून आत शिरते, आतल्या आत फळ फस्त करते आणि पुढच्या कंदिलात जाते. बाहेरून कंदील चांगला दिसतो, हाच त्रास. एकेक कंदील फिरवून टाचणीच्या टोकाएवढं किंवा जरा मोठं गोल छिद्र शोधा. छिद्रवाले सगळे तोडून नष्ट करा, जमिनीवर टाकू नका. अळी लहान असेल तर बीटी (अळ्यांना मारणारं जिवाणूजन्य औषध) फवारणी चालते, पण ती आत शिरण्याआधी, म्हणजे पानांवर आणि कोवळ्या कंदिलांवर पडली पाहिजे. आत गेलेल्या अळीपर्यंत काही पोचत नाही.

निरभ्र

छिद्रं सापडली! एकाच बाजूच्या फांद्यांवर होती. ती सगळी काढली. उरलेले कंदील उजेडात धरून बघितले, जवळजवळ सगळ्यांत सावली आहे. जीवात जीव आला. दोघींचे मनापासून आभार.

दोन_पिल्लांची_आई

हिरवं फळ खाल्लं तर किती धोका आहे? धाकटा पाच वर्षांचा आहे आणि बागेतलं दिसेल ते तोंडात घालतो.

अंगणवेल

याबद्दल मी मुळात आधीच लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही विचारलंत. पान, दांडा, कवच आणि कच्चं फळ यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं असतात. पोटात दुखणं, मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. पूर्ण पिकलेलं, अजिबात हिरवट नसलेलं फळ खायला चांगलं. मुलाने कच्ची फळं किंवा पानं खाल्ली असतील तर घरी वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं ते सोबत न्या.

मुलांना एकच नियम शिकवा: झाडावरचं तोडायचं नाही. खाली पडलेलं वेचून टोपलीत टाकायचं आणि मोठ्यांनी कवच उघडून दिल्यावरच खायचं. बुटक्या जातीत हा नियम फार सोपा जातो, कारण वेचणं हाच मुलांचा आवडता भाग. लहान मुलं असतील तर मी उंच जातीपेक्षा बुटकीच लावा म्हणेन.

आणखी एक. रानात किंवा कुंपणाकडेला कंदिलांसारखी फळं दिसली म्हणून ती खाऊ नयेत. याच जातकुळीतल्या बऱ्याच वनस्पती दिसायला सारख्या असतात. शेंदरी लाल कवचाचं शोभेचं झाडही असतं, ते फुलदाणीसाठी. ओळख पक्की असेल तेच खायचं.

पानाफुलांत

जरा विषयाच्या कडेने, पण राहवत नाही. हे कंदील किती जुने आहेत माहितीये? अर्जेंटिनातल्या पॅटागोनियामध्ये लगुना देल उंको नावाची जागा आहे. तिथल्या खडकांत या कंदिलांचे जीवाश्म सापडले, ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचे. कवचाच्या शिरा दगडावर उमटलेल्या आहेत. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं आणि जातीला नाव दिलं फिजॅलिस इन्फिनेमुंडी. त्याआधी हे सगळं कूळ बरंच अलीकडचं असावं असा अंदाज होता.

आणि ताईंनी सांगितलेला तो गळण्याचा आणि पसरण्याचा गुण, तोच शेतीच्या दृष्टीने अडचणीचा. खाली पडलेली बारीक फळं यंत्राने गोळा होत नाहीत. २०१८ साली झॅकरी लिपमन आणि जॉइस व्हॅन एक यांच्या गटांनी 'नेचर प्लांट्स'मध्ये काम प्रसिद्ध केलं. टोमॅटोत जी जनुकं झाडाचा पसारा आणि फळाचा आकार ठरवतात, त्यांचीच भावंडं रसभरीत शोधून क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बदलली. झाड आटोपशीर झालं, फळाचं वजन सुमारे २४ टक्क्यांनी वाढलं. मला यातलं सगळ्यात आवडलं ते हे की हजारो वर्षांच्या निवडीने टोमॅटोत जे झालं त्याची सुरुवात इथे काही वर्षांत करता आली.

शिवारसखी

पानाफुलांत, सुंदर माहिती. पण घरच्या बागेत गळणं हा दोष नाहीच. वाकून वेचायला चार माणसं असली की तो गुणच.

कुंडीवाला

साठवण राहिली. आणि बी कसं धरायचं?

अंगणवेल

कवचासकट ठेवलीत तर रसभरी फार टिकते. हवेशीर टोपलीत किंवा ट्रेमध्ये एकाच थरात, थंड आणि कोरड्या जागी, कित्येक आठवडे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलीत तर दोन दिवसांत बुरशी. पावसात भिजलेली फळं आधी पंख्याखाली पसरून कवच कुरकुरीत वाळू द्या, मगच टोपलीत. ओलं कवच फळाला चिकटलं की तिथून सड सुरू होते. तडकलेली असतील ती वेगळी काढून लगेच खा.

कवच आधी काढून ठेवू नका. काढल्यावर फळ फ्रिजमध्ये आठवडाभर, फार तर थोडं जास्त. फळावर हाताला लागणारा किंचित चिकट थर असतो, खाण्याआधी धुवा. जास्त झाली तर धुऊन, कोरडी करून ताटात पसरून गोठवा आणि मग डब्यात भरा, एकमेकांना चिकटत नाहीत. उंच रसभरीत पेक्टिन चांगलं असतं, त्यामुळे जॅम सहज घट्ट होतो.

बियांसाठी सगळ्यात निरोगी झाडाची पूर्ण पिकलेली फळं घ्या. पहिली चार पडली म्हणून ती नव्हेत; ज्या झाडाची चव आवडली त्याची. फळं पाण्यात कुस्करा, भांडं ढवळून थोडा वेळ स्थिर ठेवा. भरलेलं बी तळाला बसतं, गर आणि पोचट बी वर तरंगतं. वरचं पाणी हळूच ओतून द्या, दोन-तीनदा असंच करा. बी कागदावर टाकू नका, चिकटून बसतं. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवा. एका फळात शंभराच्या वर बिया निघतात, तेव्हा दोन-तीन फळं सगळ्या आळीला पुरतील. दोन्ही जाती जवळजवळ लावल्या असतील तर बियांसाठीची फुलं उमलण्याआधी फांदीवर जाळीची पिशवी बांधलेली बरी.

न वेचलेली फळं जमिनीत राहिली की पुढच्या हंगामात रोपं आपोआप उगवतात, हवी तेवढी ठेवून बाकीची काढा. ठेवाल ती शक्यतो उचलून नव्या जागी लावा, आधी सांगितलेल्या फेरपालटीमुळे.

सायसाखर

टोमॅटिलो पण यातलाच ना? एकच झाड लावलंय, फुलं येऊन गळतात.

पानाफुलांत

हो, टोमॅटिलो म्हणजे फिजॅलिस फिलाडेल्फिका. पण त्याला स्वतःचा पराग चालत नाही. किमान दोन वेगळ्या बियांपासूनची झाडं लागतात, एकाच झाडाची कलमं केलीत तर उपयोग नाही. रसभरीचा अनुभव तिथे लावू नका. आणि टोमॅटिलो गोड होण्याची वाट बघायची नसते, फळाने कवच भरून टाकलं की हिरवं असतानाच तोडतात.

निरभ्र

शेवटचं एक विचारते. माझी उंच जात आहे असं आता कळलं. आमच्याकडे गोठणारी थंडी नाही, मग हंगाम संपल्यावर तीच ठेवू की नवीन लावू?

अंगणवेल

ठेवा. फळं संपली की फांद्या निम्म्याहून खाली छाटा, वाळलेल्या आणि आडव्या आत शिरणाऱ्या पूर्ण काढा, बुंध्याशी कंपोस्टचा थर द्या. नव्या फुटव्यांवरच फुलं येतात, त्यामुळे छाटायला घाबरू नका. दुसऱ्या वर्षी फळ बऱ्यापैकी लवकर लागतं. छाटलेल्या फांद्यांतल्या निरोगी, बोटभर लांबीच्या शेंड्यांची कलमं ओल्या रेतीत सावलीत लावून ठेवा, मुळं सहज धरतात. तुमचं अळीचं प्रकरण झालं होतं, म्हणून छाटणीआधी जमिनीवरचा सगळा पाचोळा गोळा करून काढून टाका आणि वरची माती हलकी उकरून चार दिवस उन्हात तापू द्या. कोष तिथेच लपलेले असतात.